नौपाड्यातून बदलापूरला: एका घरखरेदीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाड्यात भाड्याने राहणारे चौघांचे कुटुंब. नवरा नवी मुंबईत महाप्याला एका कंपनीच्या हिशेब खात्यात, बायको नौपाड्यातल्याच एका खासगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ, दुसरीतली मुलगी आणि नवऱ्याची आई. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे थोडेफार मागेपुढे केले आहेत. घटनाक्रम मात्र जसाच्या तसा आहे. गोष्ट २०२३ सालची.

हातात येणारा पगार त्याचा ५२,००० आणि तिचा ३१,०००. वन बीएचकेचे भाडे १९,०००. बचत साडेबारा लाख. त्यातले तीन लाख आजींचे, गावच्या जमिनीच्या हिश्श्याचे. डोक्यावर दुसरे कर्ज नव्हते.

मार्चमध्ये घरमालकांचा फोन आला. सोसायटी पुनर्विकासाला जाणार, नोव्हेंबरमध्ये करार संपला की नवा करार होणार नाही. नौपाडा आणि पाचपाखाडीतल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींमध्ये हे आता सर्रास चालते. ज्यांचे स्वतःचे घर असते त्यांना विकासकाकडून पर्यायी भाडे मिळते. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याच्या वाट्याला फक्त सामान बांधणे येते. शिवाय रिकाम्या होणाऱ्या इमारतींमधली माणसे शाळा-दवाखान्यांमुळे त्याच भागात भाड्याचे घर शोधतात, त्यामुळे भाडी चढतात. यांना तेवढ्याच जागेचे २६,००० सांगितले गेले. ‘एवढे भाडे भरण्यापेक्षा हप्ता काय वाईट?’ हा विचार त्या रात्री घरात आला आणि मग तिथून हलला नाही.

अडचण नेमकी काय होती

पैशांची बाजू त्यांनी नीट मांडली. महिन्याला २७,००० च्या वर हप्ता नको, असे दोघांनी ठरवले. तेव्हाच्या साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे कर्ज ३० लाखांच्या आसपास. ‘दहा टक्के भरा आणि घर घ्या’ हे वाक्य एजंटांच्या तोंडी असते, ते अर्धेच खरे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळू शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीच्या घरांत त्यात धरला जात नाही. शुल्क, नोंदणी, दलाली, वकील आणि बँकेची फी मिळून किमतीच्या सात-आठ टक्के पैसे स्वतःच्या खिशातून घालावे लागतात. या हिशेबाने त्यांची मर्यादा ३८ लाख ठरली. नौपाड्यात त्या पैशात वन आरकेसुद्धा नव्हते.

दुसरी अडचण कागदावर आली नाही. ठाणे हे दोघांच्या सोयीचे ठिकाण होते. २००४ पासून सुरू असलेल्या ट्रान्स-हार्बर मार्गावरून तो घणसोलीला उतरायचा आणि शेअर रिक्षाने महाप्याला पोहोचायचा. दारातून दारापर्यंत पन्नास मिनिटे. ती बारा मिनिटे चालत जायची. कल्याणच्या पुढे घर घेतले तर दोघांचाही जाण्याचा वेळ तासा-तासाने वाढणार होता. त्याच्या वहीत प्रवासाचा एकच रकाना होता आणि त्यात फक्त त्याचा मार्ग लिहिला होता.

वाढ दोघांची सारखीच असल्यामुळे यात कुणाला काही खटकले नाही. पण तिच्या बारा मिनिटांवर आख्खे घर उभे होते. मुलीला शाळेत सोडणे, आजींची तब्येत बिघडली तर दुपारी घरी येऊन जाणे, शाळेतून फोन आला तर धावणे, हे सगळे ती त्या अंतराच्या जोरावर करत होती. पगाराच्या स्लिपवर हे काम दिसत नाही, म्हणून घरखरेदीच्या हिशेबातही ते येत नाही. मी सल्ला देताना हल्ली पहिला प्रश्न हाच विचारतो: दुपारी दोन वाजता मुलाला ताप आला तर कोण जाते आणि किती वेळात पोहोचते?

कोणते पर्याय होते

ठाण्यातच २६,००० भाडे देऊन राहणे हा पहिला पर्याय. भाडे दर करारागणिक वाढणार आणि बचत थांबणार, म्हणून तो लगेच मागे पडला. माझ्या मते जरा जास्तच लगेच.

ठाण्यापुढच्या दिव्यात २५-२६ लाखांत वन बीएचके दाखवले गेले. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, नव्हते. ‘सर, इथे सगळेच असे राहतात, फायनान्स कंपनी आपण करून देऊ,’ असे एजंट म्हणाला. राष्ट्रीयीकृत बँका अशा घरावर कर्ज देत नाहीत, यातच उत्तर आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याची लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली. त्या पट्ट्यात स्वस्त घराची चौकशी करणाऱ्याने हा दिवस विसरू नये. हा पर्याय त्यांनी त्याच दिवशी सोडला.

डोंबिवली पूर्वेला २५ वर्षे जुन्या इमारतीत जुने घर ५२ लाखांना होते. तिथून ठाणे जलद लोकलने वीसेक मिनिटांवर. तिच्यासाठी हे सर्वांत चांगले घर होते, पण हप्ता ३५,००० च्या पुढे जात होता.

तळोज्याचा विचार त्याच्या महाप्यामुळे झाला. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा मात्र ती सुरू झालेली नव्हती. त्याला हे बरे पडले असते. तिला ठाण्याला पोहोचायला तीन वाहने लागली असती. पाहिलेल्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशेबात एप्रिल-मे महिन्यांत टँकरचा मोठा खर्च दिसला. घर पाहताना सोसायटीचा वर्षभराचा हिशेब मागावा, पाण्याचे खरे चित्र तिथे कळते.

राहिले बदलापूर. तिथे दोन घरे समोर आली. एक पश्चिमेला, बांधकाम चालू असलेले, ४१ लाखांचे छोटे टू बीएचके. दुसरे पूर्वेला कात्रप भागात, सात वर्षे जुने, ओसी असलेले वन बीएचके, ३७ लाखांचे.

टू बीएचकेचे आकर्षण मोठे होते. आजींना स्वतःची खोली मिळाली असती. किंमत मर्यादेच्या वर होती, पण पैसे टप्प्याटप्प्याने जाणार म्हणून जमेल असे दोघांना वाटले. जीएसटीही फारसा नव्हता: ४५ लाखांपर्यंतची किंमत आणि ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असेल तर मुंबई महानगर प्रदेशात एक टक्का. पण बुकिंगच्या कार्यालयात तीन गोष्टी खटकल्या. करार नोंदवण्याआधीच वीस टक्के मागितले गेले. घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत कराराशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. दुसरे, ‘मॅडम, सरकारची २.६७ लाखांची सबसिडी मिळेल’ असे ठामपणे सांगण्यात आले. पंतप्रधान आवास योजनेतल्या त्या व्याज अनुदानाची मुदत ३१ मार्च २०२२ रोजीच संपली होती. तिसरे, महारेरा, म्हणजे त्याच कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाला एकदा मुदतवाढ मिळाल्याची नोंद होती. म्हणजे ताबा येईपर्यंत ठाण्याचे २६,००० भाडे आणि कर्जाचे व्याज दोन्ही भरायचे.

जागेचाही प्रश्न होता. बदलापूर पश्चिमेचा नदीकडचा भाग उल्हासच्या पुरात जातो. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस याच बदलापूर-वांगणी पट्ट्यात पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पश्चिमेचे प्रत्येक घर पाण्यात जात नाही, पण पूररेषेचा नकाशा न पाहता तिथे टोकन देऊ नये. आजूबाजूच्या तळमजल्यावरच्या दुकानदारांना विचारले की पाणी कुठपर्यंत आले होते ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात. यांनी विचारले, आणि त्या दुकानदाराचा हात कमरेच्या वर गेला.

कात्रपच्या घरावर मत झाले.

राहून पाहणे

टोकन देण्याआधी त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. नवऱ्याची मावशी बदलापुरात राहते. तिच्याकडे ती दोघे आठवडाभर राहिली आणि तिथूनच कामावर गेली. घर तर सगळेच पाहतात, सकाळची गाडी पकडून पाहणारी माणसे मला क्वचित भेटतात.

त्या आठवड्यात बरेच कळले. बदलापूरहून सुटणारी लोकल मिळाली तर बसायला जागा मिळते, कर्जतहून येणारी भरूनच येते. कल्याणच्या पुढे दोनच मार्गिका असल्याने लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या त्याच रुळांवर धावतात. एखादी अडकली की मागचे सगळे थांबते. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचे काम मंजूर आहे, पण घर घेताना आज धावणाऱ्या गाड्या मोजाव्यात. त्याला दारातून दारापर्यंत पावणेदोन तास लागले, तिला सव्वा तास. ‘जमेल,’ दोघेही म्हणाले.

अडचण एकच होती, तो आठवडा मे महिन्यातला होता. शाळा-कॉलेजे बंद, अनेक जण गावी गेलेले, पाऊस नाही. संध्याकाळी ठाण्याहून महिलांच्या डब्यात चढणे जूनमध्ये काय असते, ते त्या आठवड्यात दिसलेच नाही. शिवाय मुलगी आजींबरोबर ठाण्यालाच होती, त्यामुळे सकाळी साडेसहाच्या गाडीआधी डबा, वेणी, दप्तर हे काही झालेच नाही.

कागद आणि व्यवहार

ही बाजू त्यांनी इतक्या काळजीने सांभाळली की इतरांनी तशीच करावी.

ओसीची प्रत विक्रेत्याकडून न घेता नगरपरिषदेच्या नोंदीशी पडताळली. २०२२ मध्ये कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचे प्रकरण बाहेर आले होते. तिथे बनावट परवानग्यांच्या जोरावर महारेरा नोंदणीही मिळवली गेली होती. तेव्हापासून नोंदणी क्रमांक पाहून निर्धास्त होणे योग्य नाही. मूळ परवानगी जिने दिली त्या संस्थेकडेच विचारावे.

वकिलाकडून तीस वर्षांचा टायटल सर्च, म्हणजे मालकीहक्काचा शोध, घेतला. विक्रेत्याच्या खरेदीची इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट जुळवले. जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर होणे, झालेले नव्हते; ती अजून विकासकाच्याच नावावर होती. सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे विकासकाच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेण्याचा, अर्ज करायचा ठराव केला होता. या किमतीच्या बहुतेक इमारतींची हीच स्थिती असते. त्यांनी ठरावाची प्रत घेतली आणि धोका समजून पुढे गेले.

विक्रेत्याचे एका बँकेत १४ लाखांचे कर्ज बाकी होते. टोकन ५१,००० चे, चेकने, आणि पावतीवर लिहून घेतलेली अट: कर्ज मंजूर झाले नाही किंवा कागदात दोष निघाला तर पंधरा दिवसांत पूर्ण परत. नवीन बँकेचा पहिला धनादेश थेट जुन्या बँकेच्या कर्जखात्यात गेला आणि मूळ कागद एका बँकेकडून दुसरीकडे आले. मधल्या काळात विक्रेत्याच्या हातात रोख रक्कम दिली नाही.

सोसायटीने हस्तांतरणापोटी ५०,००० ‘देणगी’ मागितली. महाराष्ट्रात हस्तांतरण अधिमूल्याला महापालिका क्षेत्रातही २५,००० ची कमाल मर्यादा आहे, नगरपरिषद क्षेत्रात त्याहून कमी. परिपत्रकाची प्रत दाखवल्यावर सेक्रेटरींनी नियमाप्रमाणे रक्कम घेतली. भांडण झाले नाही. पुढे त्याच लोकांत राहायचे असल्याने तिने बोलणे सौम्य ठेवले, आणि ते बरोबरच होते.

घर कोणाच्या नावावर, हा निर्णय स्वयंपाकघरात झाला. फक्त स्त्रीच्या नावावर घर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, इथे ३७,००० रुपये. जोडीने नाव लावले तर सवलत जाते. त्याच्या मनात करसवलतीची शंका होती. पण त्याने नवी करप्रणाली निवडली होती आणि तीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट नसतेच. बँक त्याला फक्त सहकर्जदार म्हणून घ्यायला तयार झाली. आजी म्हणाल्या, ‘अगं, तुझ्याच नावावर असू दे. जास्त धावपळ तुझीच होणार आहे.’ घरातल्या सगळ्यांत हे आधी त्यांनी ओळखले होते.

कर्ज साडेएकोणतीस लाख, हप्ता २५,६००. ऑगस्टमध्ये नोंदणी झाली. दिवाळीच्या सुट्टीत सामान हलले आणि मुलीचे नाव दुसऱ्या सत्रापासून बदलापूरच्या शाळेत घातले.

पुढे काय झाले

डिसेंबरपर्यंत तिने ठाण्याची नोकरी रेटली. सकाळी पाचला उठणे, आठची ड्यूटी, संध्याकाळी सातला घर. जानेवारीत आजींच्या गुडघ्याने त्रास दिला, त्या मुलीला शाळेतून आणू शकेनात. तिने एकदा अर्ध्या दिवसाची रजा घेऊन निघायचे ठरवले आणि मधल्या वेळच्या गाड्यांच्या अंतरामुळे शाळा सुटून गेल्यावर पोहोचली. मुलगी शिपाईमामांबरोबर बसून होती. काही झाले नाही, पण त्या आठवड्यात तिने राजीनामा दिला.

नवी नोकरी कल्याणच्या एका लॅबमध्ये मिळाली, पगार २६,०००. मधला दीड महिना एकाच पगारावर गेला. साडेबारा लाखांतले घर आणि खर्च भागवून दोन लाख उरले होते, त्यांतले दीड लाख किचन ट्रॉली, जाळ्या आणि रंगकामात गेले होते. एक हप्ता आजींच्या मुदतठेवीतून भरावा लागला. हप्ता चुकला नाही.

त्याने कार्यालयाची वेळ साडेदहाची करून घेतली. आता तो गर्दी ओसरल्यावर निघतो, रात्री साडेनऊला घरी येतो. ठाण्याला फलाट दहाकडे जाणारा पूल अजूनही रोज ओलांडतो. कळव्यावरून थेट ऐरोलीकडे जाणारी जोडमार्गिका झाली तर ठाण्याला गाडी बदलणे टळेल, असे कल्याणपलीकडचे सगळे वर्षानुवर्षे म्हणत आहेत.

आजींना नौपाडा सुटल्याचे सर्वांत जास्त लागले. घंटाळी मंदिराजवळच्या मैत्रिणी तुटल्या. मुलगी मात्र रमली. इमारतीखाली खेळायला जागा आहे, जी तिला पूर्वी नव्हती.

२०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रिझर्व्ह बँकेचा रेपो दर एका टक्क्याने उतरला. त्यांचे कर्ज रेपोशी जोडलेले असल्याने दर कमी झाला. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायचे त्यांनी ठरवले. दोन वर्षांत पगार वाढले असल्याने हे जमले.

नौपाड्याची ती जुनी इमारत २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत उभी होती, आणि त्यांच्या जुन्या खोलीत मालकांचे नातेवाईक राहत होते.

कुठे वेगळे करता आले असते

शेवटच्या त्या तपशिलावर मी सर्वांत जास्त अडखळतो. नोव्हेंबरची मुदत पक्की धरून सगळे निर्णय झाले. पुनर्विकासाला सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालची पद्धत असते: विशेष सभा, विकासकाची निवड, विकास करार, परवानग्या, आणि मग जागा रिकामी करणे. मार्चमध्ये त्या सोसायटीने विकासकही निवडलेला नव्हता. सेक्रेटरींकडे दहा मिनिटे चौकशी केली असती तर हे कळले असते, आणि मालकांना एप्रिलपर्यंत राहू देण्याची विनंती करता आली असती. मुलीची शाळा वर्षाच्या मध्यात बदलावी लागली नसती.

मुदत वाढली असती तर दुसरा मार्गही मोकळा होता. बदलापुरात अकरा महिने भाड्याने राहणे. तिथे तसे घर ठाण्याच्या अर्ध्याहून कमी भाड्यात मिळते. कुटुंबाने हा पर्याय बोलून दाखवला होता आणि दोनदा सामान हलवण्याचा, दोनदा शाळा बदलण्याचा त्रास नको म्हणून सोडला. त्यांचे म्हणणे मला पूर्ण चूक वाटत नाही. पण जिथे दोघेही कमावते आहेत आणि एकाची नोकरी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथे मी अजूनही हाच सल्ला देईन. एका पावसाळ्यात तिला कळले असते की ठाण्याची नोकरी टिकणार नाही. मग घर शोधताना कल्याणची नोकरी आधी आणि घर नंतर, असा क्रम लागला असता. कदाचित अंबरनाथ निवडले असते. त्याच मार्गावर एक स्थानक अलीकडे.

तिची नोकरी बदलल्याने दरमहा ५,००० कमी झाले. घराच्या किमतीत ही रक्कम कोणी धरली नव्हती. भाडे १९,००० होते. आता हप्ता, मेंटेनन्स, जास्तीचा प्रवास आणि पगारातली घट धरली तर महिन्याला सोळा हजारांच्या आसपास जास्त जातात. नौपाड्यातल्या २६,००० भाड्याशी तुलना केली तर फरक नऊ हजारांचा. हे पैसे देऊनही घर घेणे त्यांना योग्य वाटते, आणि ते तसे ठामपणे सांगतात. फक्त हा आकडा टोकनच्या आधी टेबलावर असता, तर किचन ट्रॉली सहा महिने थांबल्या असत्या आणि आजींची ठेव मोडावी लागली नसती.

सोसायटीचा मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज आता जिल्हा उपनिबंधकांकडे गेला आहे. त्यासाठी लागणारे जुने कागद गोळा करायचे काम तिनेच अंगावर घेतले आहे. ठाण्याच्या लॅबमधल्या तिच्या एका सहकारी मैत्रिणीने सध्या वांगणीत घर पाहायला घेतले आहे, आणि मैत्रिणीने घराची किंमत सांगण्याआधीच ही तिला गाडीची वेळ विचारते.